वाक्यात उपयोग करा

म्हातारीला गाडीतच बसवून ती दोघं आमच्या दुकानाच्या पायऱ्या चढली, तेव्हाच मी ओळखलं की गादी म्हातारीसाठी घ्यायची आहे. आमच्या धंद्यात हे पक्कं असतं. नवरा-बायकोला स्वतःसाठी गादी हवी असली की दोघंही आडवी होऊन बघतात आणि लाजत उठतात. पोरांसाठी असली की आईबाप दारात पोचायच्या आत पोरं गादीवर नाचत असतात. पण गादी ज्याची, तो काचा वर करून गाडीत बसलेला असला, म्हणजे समजावं की माणूस म्हातारा आहे आणि त्याचं मत विचारायचं ठरलेलं नाही.

ही कराडची गोष्ट. तेव्हा आमचं दुकान एसटी स्टँडच्या समोर होतं, आता तिथं मोबाईलवाला बसतो. पाटीवर लिहिलेलं 'नदाफ गादी कारखाना', पण कारखाना नावाचाच. मागच्या खोलीत एक शिलाई मशीन, फोमचे तुकडे आणि आमचा दस्तगीर, जो दुपारी त्या तुकड्यांवर झोपायचा. आमचे हे माल आणायला कोल्हापूरला गेलेले. गल्ल्यावर मी.

"भाभी, आम्हाला मॅट्रेस दाखवा ना," ती बाई म्हणाली. आवाज असा, की साखर घालून झाल्यावर वर परत गूळ किसलाय. "पण एकदम स्क्विशी हवी."

"काय हवी?"

"स्क्विशी."

मी दस्तगीरकडे बघितलं. दस्तगीरनं छताकडे बघितलं.

"म्हणजे मऊ का ताई?"

"मऊ नाही हो. मऊ म्हणजे... मऊ तर सगळंच असतं. स्क्विशी वेगळं."

गिऱ्हाईक शब्दावर अडलं की मला मजा येते. माल सगळ्यांकडे तोच असतो, तोंड प्रत्येकाचं वेगळं. म्हटलं, चला, बाई कुठवर जातात बघू.

"लुसलुशीत?"

"ते गवत झालं."

"गुबगुबीत?"

"ते बाळ असतं ना भाभी."

"भुसभुशीत?"

"माती! माती असते भुसभुशीत. श्री, सांग ना तू यांना."

हे शेवटचं नवऱ्याला. नवरा पन्नाशीचा, गोरापान, केस नीट बसवलेले, तोंडावर असा भाव की हे सगळं वर कुणीतरी ठरवलंय आणि आपण फक्त पुण्याहून गाडी चालवत आलोय. तो म्हणाला, "हां, म्हणजे... ही म्हणतेय तसं."

"मग लिबलिबीत म्हणायचंय का ताईंना?"

"ई!" बाईनं तोंड वाकडं केलं. "ते काहीतरी नासल्यासारखं वाटतं."

"वाटतं खरं," मी म्हटलं आणि गादी दाखवायला उठले.

आधी मुद्दाम काथ्याची दाखवली. कडक, पाटासारखी. नवऱ्यानं दोन बोटांनी दाबली. "हां, ही बरी आहे." मग मधल्या जातीची दाखवली. त्यानं दोन बोटांनी दाबली. "हीपण बरीय." मग शोरूममधली सगळ्यात मऊ, जाड फोमची, जी मी खरं म्हणजे नव्या लग्नातल्या हौशी लोकांसाठी ठेवलेली. तिच्यात बोटं पार नाहीशी झाली. "हां हां," तो म्हणाला, "ही तर बरीच." मी गाढवाचं खोगीर दाखवलं असतं तरी यानं दोन बोटांनी दाबून बरं म्हटलं असतं. अशी माणसं मी जमेच्या बाजूला धरत नाही आणि खर्चाच्याही नाही. ती नुसती पानावर असतात.

बायकोचं तसं नव्हतं. तिनं शेवटच्या गादीवर आख्खा तळहात ठेवला, कोपरानं जोर दिला, हात किती खाली जातो ते बघितलं, मग सोडून तो खड्डा भरायला किती वेळ लागतो तेही बघितलं. इतकं नीट तर आमचे हे माल घेतानाही बघत नाहीत.

"हीच. रेवती म्हणून बुक करा," ती म्हणाली.

"कुणाला झोपायचंय हिच्यावर?"

"माझ्या सासूबाईंना."

"वय?"

"आहे आता बरंच. पण तब्येत छान आहे हं. फक्त जरा विसरायला होतं त्यांना."

"मग ताई, ही नका घेऊ," मी म्हटलं. हे मी धर्म म्हणून नाही सांगत, धंदा म्हणून सांगते. म्हाताऱ्या माणसाला मऊ गादी दिली की पंधरवड्यात लेक नाहीतर जावई परत घेऊन येतो आणि पायरीवर उभा राहून भांडतो. "म्हातारं माणूस हिच्यात रुतून बसतं. कंबर खाली जाते, गुडघे वर येतात. दुसऱ्यानं ओढल्याशिवाय उठता येत नाही."

"हो ना?" रेवती म्हणाली.

आता ऐकणारा माणूस इथं "अरे बापरे" म्हणतो, नाहीतर "मग दुसरी दाखवा" म्हणतो. ही "हो ना?" म्हणाली आणि नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं पाटीवरची 'आमची शाखा कुठेही नाही' ही ओळ वाचायला घेतली.

"डॉक्टरांनीच सांगितलंय, मऊ द्या म्हणून," ती पुढं म्हणाली.

"कुठले डॉक्टर?"

"आहेत पुण्यातले. आपण त्यांना कम्फर्ट नाही का द्यायचा भाभी? आयुष्यभर सतरंजीवर झोपल्या त्या."

एवढ्यात पायरीवर काठी वाजली.

म्हातारीनं गाडीचं दार उघडलं होतं. पदर नीट खोचलेला, चष्मा दोरीला, पायात कापडी बूट. एकटी रस्त्याकडून आली, एकेक पायरी काठीनं ठोकत चढली, वर येऊन श्वास घेतला आणि दुकानावर अशी नजर फिरवली जशी वर्गावर फिरवतात. मी उभी राहिले. ठरवून नाही, पाय आपोआप उभे राहिले, त्याचा मला रागच आला.

पोतनीस बाई. कन्याशाळेत इंग्रजी शिकवायच्या. आख्खं कराड त्यांच्या हाताखालून गेलं आणि निम्मं कराड त्यांच्या हातून नापास झालं, त्यात मी. बाईंना आडनावानं हाक मारायची खोड आणि आडनावावरून विनोद करायची त्याहून मोठी. "नदाफ, घरचा कापूस डोक्यात भरून आणलास का गं?" वर्ग हसायचा. माहेरीही आम्ही नदाफच, कापूस पिंजणारे; पिंजाऱ्याच्या पोरीला हसणं सोपं असतं. आठवीनंतर मी शाळा सोडली, त्याला कारणं बरीच होती, पण बाईंचं नाव त्या यादीत वरचं. तेव्हा कुणी समजू नये की मला त्यांना बघून गहिवरून आलं. स्टँडवर तर मी त्यांना रोजच बघत होते. सकाळी दुकान उघडायला यायचे तेव्हा बाई कॅन्टीनच्या बाकावर बशीतून चहा पीत, पेपर वाचत बसलेल्या असायच्या. मी कधी ओळख दिली नाही. त्यांनी कधी मागितली नाही.

"आई! तू कशाला उतरलीस?" मुलगा म्हणाला.

"काचा बंद होत्या, श्रीरंग. कुत्र्याला ठेवतात तसं."

"अहो आई, या ना, बसा ना," रेवतीनं त्यांना दंडाला धरून त्या गादीकडे नेलं. "बघा तुमच्यासाठी काय घेतलंय. बसून तर बघा!"

बाई बसल्या. बसल्या म्हणजे गेल्या. आधी कंबर गेली, मग दोन्ही बाजूंनी फोम वर आला, बूट जमिनीवरून सुटले. काठी हातातून निसटून खाली पडली. विहिरीत पडलेल्या माणसाचं डोकं दिसावं तसं त्यांचं डोकं आणि गुडघे तेवढे दिसत होते.

"सो क्यूट!" रेवतीनं मोबाईल काढला. "श्री, बाजूला हो ना, तुझी सावली येतेय. आई, इकडे बघा. किती स्क्विशी आहे ना?"

बाईंनी चष्मा लावला.

"काय म्हणालीस?"

"स्क्विशी. म्हणजे एकदम कम्फी."

"दोन शब्द झाले. दोन्ही बाजारातले. अर्थ एकाचाही सांगितला नाहीस." आवाज तोच, शाळेतला. दस्तगीरनं विडी कानावर ठेवली. "श्रीरंग, तू सांग."

"आई, इथं कशाला..."

"सांग."

"मऊ."

"मऊ म्हणजे सॉफ्ट. मी सॉफ्ट विचारलं नाही."

"खूप मऊ?"

"बस खाली."

आणि आईशप्पथ, तो पन्नाशीचा माणूस काथ्याच्या गाद्यांच्या चळतीवर खाली बसला.

"नदाफ, तू?"

त्यांनी मला ओळखलं होतं की पाटी वाचली होती, ते मला आजतागायत कळलेलं नाही. "माहीत नाही बाई," असं माझ्या तोंडातून निघून गेलं. तेही शाळेतल्याच आवाजात. गल्ल्याची मालकीण मी, आणि दोन मिनिटांत मला मागच्या बाकावर नेऊन बसवलं या बाईनं, फोमच्या खड्ड्यात बसून.

"विशेषण," बाई म्हणाल्या. "बोलीभाषेतलं. मैत्रिणीच्या पत्रात चालेल, निबंधात लिहिलं तर लाल रेघ. आमच्या वेळी स्क्वॉशी म्हणायचे, हा त्याचाच धाकटा भाऊ. अर्थ पहिला. दाबलं की आत जाणारं, आणि आत थोडं पाणी असल्यासारखं. फार पिकलेला चिकू. चिखलात भिजलेला बूट. तेव्हा सूनबाई, कोरड्या गादीला हा शब्द तसा शोभत नाही, पण हल्ली वापरतात म्हणे, वापरा. अर्थ दुसरा, माणसाबद्दल. प्रेमळ असा नव्हे हं. तिथं पुष्कळांची चूक होते. ज्याला स्वतःचा आकार नाही, तो. शेवटचं बोट ज्याचं, त्याचा खड्डा."

समोर पाटण गाडीचा कंडक्टर ओरडत होता.

"आता वाक्यात उपयोग करा." बाई थांबल्या. सवयीनं वाट बघितली. "नाही येत? जाऊ दे. श्रीरंग, उठव मला."

तो उठला. वाकला, त्यांच्या कोपराखाली हात घातलासुद्धा.

"राहू दे ना श्री," रेवती म्हणाली. अगदी हळू. "बसू दे त्यांना थोडा वेळ. सवय व्हायला नको का?"

श्रीरंगचा हात थांबला. कोपराखालून बाहेर आला. बाहेर आलेल्या हाताला काहीतरी काम हवं म्हणून तो खिशात गेला आणि मोबाईल घेऊन आला. मोबाईल वाजला नव्हता.

बाई त्या हाताकडे बघत होत्या.

"झाला," त्या म्हणाल्या. "वाक्यात उपयोग झाला."

दस्तगीर फिस्सकन हसला. त्याला शब्द कळला नव्हता, पण टोमणा कुठल्याही भाषेतला असला तरी कळतो. श्रीरंगचे कान लाल झाले. आणि अशा माणसांचं असं असतं, की त्यांना लाज वाटली की ती खरं बोलतात.

"आई, तुला कळत कसं नाही? तू उठू नयेस म्हणून तर घेतोय ना ही!"

"श्री!" रेवती म्हणाली.

"नाही, बोलू दे मला. पहाटे उठायचं, कडी काढायची, रस्ता ओलांडायचा आणि स्टँडवर जाऊन बसायचं! कॅन्टीनमध्ये! ड्रायव्हर-कंडक्टरांत! मला फोन येतात पुण्याला. साहेब, तुमच्या आई बाकावर बसल्यात, घरी कुणी चहा देत नाही का. मला! तुला सांभाळायला ठेवलेली सुरेखा सोडून चाललीय तुझ्यापायी. ती म्हणते, मी झोपलेली असताना बाई पडल्या तर माझं नाव. सातशिवाय तिला जाग येत नाही. मग काय करायचं आम्ही? बांधून ठेवायचं?"

"बांधलेलं दिसतं," बाई म्हणाल्या.

तेव्हा मला हिशेब लागला. रेवतीनं खड्डा भरायला किती वेळ लागतो ते का बघितलं, डॉक्टरांचं नाव का नव्हतं, मी "रुतून बसतं" म्हटल्यावर ती "हो ना?" का म्हणाली. आजवर मी गाद्या विकल्या त्या झोपायला, मेलेल्याखाली घालायला, एकदा नाटकात मारामारीसाठी. पिंजऱ्याऐवजी गादी घ्यायला कुणी आलं नव्हतं. गादी सासूची आणि झोप सुरेखाची. वर त्याला नाव काय, तर लाडाचं, बाळाच्या गालाला देतात ते.

"आई, तुमच्या सेफ्टीसाठीच आहे ना सगळं," रेवती म्हणाली. तिच्या आवाजातला गूळ जरासुद्धा पातळ झाला नव्हता. या बाईबद्दल मला तेवढ्यापुरतं कौतुक वाटलं. नवऱ्यापेक्षा बरी. निदान तिला काय घ्यायचंय ते माहीत होतं.

"पडले तर पडेन," बाई म्हणाल्या. "चहा घ्यायला जाते मी. माझ्या पायांनी, माझ्या वेळेला. तेवढं एक उरलंय. ते मी देणार नाही."

आणि मग त्यांनी जे केलं ते बघायला बाजूचा भांडीवालाही दारात येऊन उभा राहिला.

त्यांनी आधी चष्मा काढून छातीवर सोडला. मग डाव्या कुशीवर कलंडल्या. गादीची कड हातानं शोधली. मी पुढं झाले तशा, "हात लावायचा नाही," म्हणाल्या. कडेवरून एक पाय खाली सोडला, मग दुसरा, आणि सरळ गुडघ्यांवर उतरल्या, आमच्या फरशीवर. साडी गुडघ्यापर्यंत गेली, ती ओढली. तशाच रांगत काथ्याच्या चळतीपाशी आल्या, दोन्ही कोपरं वर टेकली, आणि एकेक गुडघा सरळ करत, मध्ये थांबून, परत जोर करत, उभ्या राहिल्या. मुलगा आख्खा वेळ मोबाईल हातात धरून उभा. शेवटी त्यांनी काठीकडे बोट केलं, ती दस्तगीरनं उचलून दिली.

भांडीवाल्यानं टाळी वाजवली. गाढव कुठला.

मी नाही वाजवली. मला बाईंचा राग आला होता. उभा जन्म पोरींना शिकवलं, पण एवढी साधी गोष्ट कळली नाही, की बरोबर उत्तर येत असलं तरी प्रत्येक वेळी हात वर करायचा नसतो. खड्ड्यात पडून जरा कण्हल्या असत्या, "मेले गं" म्हणाल्या असत्या, तर हीच गादी घेऊन दोघं खुशीत पुण्याला गेली असती. आणि बाई रोज पहाटे अशाच कुशीवर कलंडून चहाला गेल्या असत्या. पण नाही. पोतनीस बाईंना फळ्यावर सोडवून दाखवायचं होतं.

रेवती त्या गादीकडे बघत होती. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

"भाभी," ती म्हणाली, "याच्यापेक्षा स्क्विशी काही आहे का?"

बाईंची काठी थांबली. त्यांना तेव्हा कळलं, आपण काय दाखवून बसलो ते. चेहरा बघण्यासारखा झाला. शाळेत पेपर वाटताना त्या आमचा बघायच्या, तसा मी त्यांचा बघून घेतला. मग नजर काढली. बघवेना.

"आहे ना ताई," मी म्हटलं. "तयार नाही. बनवून द्यावी लागेल."

"किती मऊ?"

"तुम्ही हात ठेवाल तर हात शोधावा लागेल."

"मग तीच करा. घरी पाठवा. आम्ही शनिवारी येणारच आहोत परत." तिनं पत्ता सांगितला, सासूच्या दंडाला धरलं आणि पायऱ्या उतरायला लागली. बाई माझ्याकडे न बघता गेल्या. मुलगा मागं रेंगाळला. पैसे द्यायला, असं मला वाटलं.

तो गल्ल्यापाशी वाकला आणि कुजबुजला, "भाभी, ऐका ना. जरा कडकच करा. आईला उठता येईल अशी. हिला सांगू नका."

माझ्याकडे आजवर खूप माणसं कुजबुजलीत. उधारी मागायला, बायकोला न सांगता दुसरीकडे गादी पाठवायला. पण आईला उठता यावं ही गोष्ट कुजबुजून सांगणारा हा पहिलाच. मी "बरं" म्हटलं. तो गेला. गाडी वळून चौकापर्यंत गेली असेल नसेल, तोच दुकानातला फोन वाजला.

"भाभी, श्रीरंग पोतनीस. ते मघाचं... नाही, जाऊ दे. ही म्हणतेय तीच करा."

मागून रेवतीचा आवाज आला, "काय मघाचं?"

"काही नाही, काही नाही," तो म्हणाला, मला की तिला कुणास ठाऊक, आणि फोन ठेवला.

म्हणजे एकाच माणसाच्या दोन ऑर्डरी, दोन्ही शब्दाला शब्द उलट. आता शेवटची धरायची तर ती त्याची नव्हती, बायकोची होती. पहिली धरायची तर ती त्यानं परत घेतली होती. मी दस्तगीरला म्हटलं, "याच्या दोन्ही धर."

फोमच्या कारखान्यात जे तुकडे उरतात, ते दाबून चिकटवून त्याचा एक ठोकळा करतात. वजनाला जड, बसायला बाकासारखा. आख्खी गादी मी त्याची भरायला सांगितली. वर चार बोटं जाडीचा तो हौशी फोम, त्यावर गुलाबी मखमल. दस्तगीर म्हणाला, "भाभी, ही गादी नाही, ओटा झाला." म्हटलं, शिवून टाक.

शनिवारी तो ती पोचवून आला आणि मला साग्रसंगीत सांगितलं. रेवतीनं तळहात ठेवला, हात फोमात गेला, तिचा चेहरा खुलला. नवऱ्याला म्हणाली, "बघ, आता कशी." नवऱ्यानं दोन बोटांनी दाबून हां म्हटलं. बाई कोपऱ्यात खुर्चीवर पाठ करून बसल्या होत्या, वळल्या नाहीत. सुरेखानं दस्तगीरला पाणीसुद्धा दिलं नाही, ती आताच सुस्तावली होती. उभ्या घरात एकानंही त्या गादीवर बूड टेकवून बघितलं नाही. मला तशी खात्रीच होती. दुसऱ्याच्या गादीवर कोण बसून बघतो?

रविवारी सकाळी मी स्टँडसमोर आले तेव्हा कॅन्टीनचा बाक रिकामा होता. सोमवारीही होता. मी शटर उघडलं, उदबत्ती लावली, आणि मनातल्या मनात त्या बाईला शिव्या घातल्या. ओटा दिलाय खाली, आता काय पालखी पाठवू?

मंगळवारी शटर अर्धं वर केलं असेल, मागं काठी वाजली.

बाई उभ्या होत्या. त्याच कापडी बुटांत. कडेची बट सुटलेली, श्वास लागलेला, पण उभ्या. मला वाटलं, आता आभार मानतील. मानले असते तर मला आवडलं नसतं, म्हणून मी आधीच तोंड कडू करून ठेवलं.

"दोन रात्री मी त्या खुर्चीवर झोपले, नदाफ," बाई म्हणाल्या. "घाबरून. सकाळी पाय आखडलेले, दारापर्यंतसुद्धा जाववेना. काल रात्री पाठ मोडली तेव्हा गादीवर टेकले."

"मग?"

"मग काय. वरून एक आणि आतून एक." काठीनं त्यांनी जमिनीवर एक ठोका दिला. "याला इंग्रजीत फार चांगला शब्द आहे."

"काय बाई?"

त्या थांबल्या. तोंड उघडलं, ओठांनी काहीतरी जुळवून बघितलं, परत मिटलं. चष्मा लावला, जसा काही शब्द समोरच्या भिंतीवर लिहिला असेल. वाऱ्यानं माझी उदबत्ती विझली, मी ती परत लावली, तरी त्या तिथंच होत्या.

"होता," त्या म्हणाल्या. आवाज शाळेतला नव्हता. "घरून निघाले तेव्हा होता."

"आठवेल बाई. नसेल आठवत तर नसेल. तुमचा चहा निवतोय तिकडं."

"निवत नाही. मी गेल्याशिवाय तो ओतत नाही." एवढं बोलून त्या वळल्या आणि रस्त्यात उतरल्या. उजवीकडून कोल्हापूर गाडी वळून येत होती, ड्रायव्हरनं हॉर्नवर हात दाबून धरलेला. मी पायरीवरून खाली एक पाऊल टाकलं आणि तिथंच थांबले. बाईंनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. फक्त काठीचा हात आडवा केला, गडबड करणाऱ्या वर्गाला करतात तसा, आणि आख्खी एसटी गप्प उभी राहिली.